बाल्साचं रेडिओ कंट्रोल विमान घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं विमान बांधायला निघालेले लोक भेटले की बहुतेक प्रश्न मोटरचे आणि रेडिओचे असतात. माझा अनुभव असा की विमान बिघडतं ते टेबलावरच, लाकूड निवडताना आणि पंख चिकटवताना. मैदानावर फक्त ते कळतं. म्हणून खाली लाकडाबद्दल भरपूर आणि इलेक्ट्रॉनिक्सबद्दल बेतानं लिहिलं आहे. सगळीकडे एकच विमान डोळ्यासमोर ठेवलंय: पंखाचा विस्तार 1200 मिमी, रुंदी 200 मिमी, पंख वरच्या बाजूला, विजेची मोटर आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू), एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी आडवी पट्टी), थ्रॉटल (मोटरचा वेग) अशी तीनच चॅनेल.

फोमची तयार विमानं मिळतात, मग बाल्साचा खटाटोप कशाला?

फक्त उडवायला शिकायचं असेल तर फोमचंच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. बाल्साचं विमान बांधायचं ते बांधण्यासाठी. कुठला तुकडा कुठला भार घेतो हे हाताला कळतं, आणि एकदा कळलं की तुटलेलं विमान पुन्हा उभं करता येतं. शिवाय बाल्साचा पंख ताठ असतो, वाऱ्यात डुगडुगत नाही. उन्हाकडे धरला की आतल्या रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) कव्हरिंगमधून, म्हणजे वरच्या पातळ आवरणातून, दिसतात. ते दिसावं म्हणून पारदर्शक फिल्म लावणाऱ्यांपैकी मी एक.

बाल्सा हलका म्हणजे किती हलका? आपल्याकडचं एखादं लाकूड चालणार नाही का?

बाल्साचं झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. जगाला होणारा बहुतेक पुरवठा इक्वेडोरमधून येतो. झाड झपाट्यानं वाढतं, सहा ते दहा वर्षांत तोडायला येतं. पेशी मोठ्या, भिंती पातळ, त्यामुळे वाळलेल्या लाकडाची घनता साधारण घनमीटरला 100 ते 250 किलो एवढीच भरते. पाणी 1000 किलो, म्हणजे अंदाज येईल. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाच्या सांगाड्यात बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेला होता, आणि आज पवनचक्क्यांच्या पात्यांतही तो जातो. पवनचक्कीवाल्यांनी खरेदी वाढवली की आपल्या शीटची किंमत चढते ती यामुळेच.

आपली काटेसावर ही बाल्साची लांबची नातलग, एकाच कुळातली. तिचं लाकूड मऊ आणि हलकं असतं, काडेपेटीच्या काड्यांना वापरतात. सावंतवाडीची लाकडी फळं ज्या पांगाऱ्याची होत, तोही हलकाच. पण दोन्ही बाल्साच्या दुप्पट-अडीचपट जड पडतात. मी एकदा हट्टानं सावरीच्या रिब्स कापल्या होत्या. पंख छान मजबूत झाला आणि विमान खिळ्यासारखं उडलं. स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीला, मात्र स्प्रूस किंवा सरळ रेषांचं, बिनगाठीचं पाइन जरूर वापरा.

शीट निवडायची कशी? दुकानात सगळ्या सारख्याच दिसतात.

सारख्या मुळीच नसतात. इथे वेळ घालवा, पुढे तो वसूल होतो.

आधी वजन. आपल्याकडे साधारण 100 मिमी रुंद आणि 1 मीटर लांब शीट मिळते. 3 मिमी जाडीची अशी शीट म्हणजे 300 घनसेंमी लाकूड. हलकी शीट 30 ग्रॅमच्या आसपास भरते, मध्यम 48, जड 65 च्या पुढे. एकाच गठ्ठ्यात ही तिन्ही सापडतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन दुकानात जा. दुकानदार हसेल, हसू दे. घरी आल्यावर प्रत्येक शीटवर पेन्सिलीनं वजन लिहून ठेवा. हलक्या शीट शेपटीला, मध्यम रिब्सना आणि फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला), जड शीटमधून लीडिंग एजच्या, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या, पट्ट्या.

मग रेषा. खोड ज्या दिशेनं चिरलंय त्यावर शीटचा स्वभाव ठरतो. लांब, सरळ, सलग रेषांची शीट आडवी वाकवली की गुंडाळली जाते. तिला ए-ग्रेन म्हणतात. पंखाच्या गोल नाकावर मढवायला ती उत्तम, रिबला निरुपयोगी. जिच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे चकाकणारे ठिपके दिसतात ती सी-ग्रेन. ती आडवी वाकतच नाही, जोर केला तर फुटते. रिब्स आणि शेपटी हिच्यातून काढा. या दोघींच्या मधली बी-ग्रेन, ती बहुतेक ठिकाणी चालते. नावं लक्षात नाही राहिली तरी हरकत नाही, शीट हातात घेऊन हलकेच वाकवून बघायची सवय लागली की पुरे.

पहिलं विमान कोणतं बांधू?

लढाऊ विमान नको. स्पिटफायर तर नकोच. वर पंख असलेलं, सरळ आयताकृती पंखाचं ट्रेनर बांधा. आयताकृती अशासाठी की सगळ्या रिब्स एकसारख्या असतात, एक चुकली तर दुसरी कापता येते. रिबचा आकार ‘क्लार्क वाय’ नावाच्या पंख-छेदासारखा घ्या. याची खालची बाजू नाकाकडचा थोडा भाग सोडला तर सपाट असते, त्यामुळे पंख टेबलावर टेकवून बांधता येतो.

हत्यारं काय काय लागतात?

फार नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी 11 नंबरची सर्जिकल पाती, तिची मूठ, लोखंडी पट्टी, गुण्या, टाचण्यांचा डबा. एक सपाट टेबल किंवा जुनं फ्लश डोअर, त्यावर टाचण्या रुतायला सॉफ्टबोर्ड. काचकागद नुसता हातात धरून घासू नका, लाकडाच्या सरळ ठोकळ्यावर चिकटवून घ्या. पातं बोथट झालं की बाल्सा कापला जात नाही, चेंगरतो. तेव्हा पाती बदलताना कंजूषपणा नको. आणि घासताना मास्क लावा, बाल्साची भुकटी नाकात बसते.

फेविकॉल चालेल का, की सगळीकडे फेविक्विक?

पांढरा गोंद चालतो आणि मजबूत बसतो, पण तास-दोन तास टाचण्या काढता येत नाहीत आणि सुकल्यावर तो रबरासारखा घासला जातो. शिवाय त्यात पाणी असतं, पातळ शीटवर भरपूर लावला तर शीट वाकते. फेविक्विकच्या जातीचा गोंद, ज्याला मॉडेलवाले सीए म्हणतात, तो पातळ आणि मध्यम अशा दोन प्रकारांत घ्या. जोड कोरडा बसवून पाहायचा, फट नसेल तर कडेला पातळ सीएचा एक थेंब सोडायचा, तो आपोआप आत शिरतो. फट असेल तर मध्यम. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. थर्मोकोलवर किंवा फोमवर साधा सीए टाकू नका, विरघळतो.

मोटरची भिंत, पंखाचा मधला जोड आणि चाकांची तार या तीन जागी मात्र अरल्डाइटसारखं इपॉक्सी. बाकी ठिकाणी इपॉक्सी म्हणजे निव्वळ वजन.

पंख नेमका कसा बांधायचा?

हा भाग सावकाश वाचा, कारण विमान म्हणजे पंखच.

रिब्सपासून सुरुवात करा. प्रत्येक बाजू 600 मिमी, रिब्समधलं अंतर 60 मिमी, म्हणजे एका बाजूला 11 आणि एकूण 22. एकेक कापत बसू नका. प्लायचे दोन साचे करा, त्यांच्यामध्ये 2 मिमी बाल्साचे 22 तुकडे घाला, बोल्टनं आवळा आणि सगळा ठोकळा एकदम घासा. स्पारच्या खाचाही अशाच एकत्र काढा. सगळ्या रिब्स जुळ्या निघतात.

प्लॅन, म्हणजे पंखाचा पूर्ण आकाराचा नकाशा, टेबलावर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक टाका, नाहीतर पंख प्लॅनलाच चिकटेल. खालचा 6 मिमीचा स्पार प्लॅनवरच्या रेषेवर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या टाचण्यांनी जखडा. टाचणी स्पारच्या आरपार घालू नका, नेमका तिथेच तो मोडतो. आता रिब्स उभ्या करा, प्रत्येकीला गुण्या लावून. मग वरचा स्पार, लीडिंग एज, ट्रेलिंग एज (मागची कड).

यानंतर नवखे लोक एक गोष्ट हमखास गाळतात: शिअर वेब. दोन स्पारच्या मध्ये, प्रत्येक दोन रिब्सच्या दरम्यान, 1.5 मिमी बाल्साचा तुकडा चिकटवायचा आणि त्याच्या रेषा उभ्या ठेवायच्या. उडताना पंख वरच्या दिशेनं वाकू पाहतो. खालचा स्पार ताणला जातो, वरचा दाबला जातो. मध्ये वेब नसला तर दाबलेला स्पार धनुष्यासारखा वाकून मटकन मोडतो. वेबचं वजन सगळं मिळून जेमतेम एका चमच्याएवढं, पण तो असला की तेच दोन स्पार आय-गर्डरसारखे काम करतात. मुळाजवळच्या तीन-चार खणांत तर तो हवाच हवा. रेषा आडव्या ठेवल्या तर वेब असून नसल्यासारखा.

वरच्या बाजूला लीडिंग एजपासून स्पारपर्यंत 1.5 मिमीची ए-ग्रेन शीट मढवली की पंखाचं नाक ताठ होतं आणि पिळ पडायचं प्रमाण एकदम घटतं. शीट वळत नसेल तर बाहेरच्या बाजूला ओलं फडकं फिरवा, ती आपण होऊन गोल होते.

शेवटी दोन्ही बाजू जोडायच्या. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, त्यामुळे विमान वळतं ते पंखांच्या वर उचललेल्या कोनामुळे. दर बाजूला 5 अंश ठेवा. एक बाजू सपाट ठेवून दुसरीचं टोक साधारण 104 मिमी उचललं की तेवढा कोन येतो. मध्ये 3 मिमी प्लायचा जोडपट्टा, सावकाश सुकणारं इपॉक्सी आणि वरून काचकापडाची (फायबरग्लासची) पट्टी. रात्रभर हात लावू नका.

पंखाला पिळ आला तर टाकून द्यायचा?

नाही. मागून डोळा लावून बघा: टोकाकडची ट्रेलिंग एज मुळापेक्षा किंचित वर गेली असेल आणि दोन्ही बाजूंना सारखी असेल तर तो पिळ तुमच्या बाजूचा आहे. त्याला वॉशआउट म्हणतात. वेग पडला तरी टोकांची उचल आधी संपत नाही आणि विमान एका अंगावर कोसळत नाही. मी तर बांधतानाच टोकाच्या ट्रेलिंग एजखाली 7 मिमीची पट्टी सरकवतो, 200 मिमी रुंदीला तेवढ्यात 2 अंश होतात. एक बाजू वर आणि दुसरी खाली असा पिळ मात्र घातक. फिल्म लावल्यावर पंख उलट्या दिशेनं पिळून धरा आणि कुणाला तरी वरून गरम हवा मारायला सांगा. थंड होईपर्यंत सोडू नका.

फ्यूजलाजबद्दल काहीच का लिहिलं नाही?

कारण ती एक चौकोनी पेटी आहे. दोन बाजू 3 मिमी शीटच्या, मध्ये फॉर्मर (दोन्ही बाजू जोडणारे आडवे चौकोन), नाकाला 4 मिमी बर्च प्लायची भिंत. फर्निचरचा प्लाय वापरू नका, फार जड. मोटर दोन-अडीच अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे तोंड करून बसवा. शेपटीकडे काटकसर करा: शेपूट नाकापेक्षा गुरुत्वमध्यापासून तिप्पट लांब आहे, म्हणून तिथला 10 ग्रॅम फालतू गोंद नाकात 30 ग्रॅम शिसं मागतो.

मोटर, बॅटरी कोणती?

तयार विमान 850 ते 900 ग्रॅम भरावं. पंखाचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला 37 ग्रॅमच्या आसपास, नवख्याला झेपेल असं. 2212 आकाराची 1000 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) ब्रशलेस मोटर, 10 इंची प्रॉपेलर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), 3 सेलची 2200 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि रडर-एलिव्हेटर हलवणारे 9 ग्रॅमचे दोन सर्वो. सरासरी 10 अँपिअर खर्च धरला तर दहा मिनिटं मिळतात, टायमर सातवर लावा.

लिपो चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. वापरायची नसेल तेव्हा दर सेल 3.8 व्होल्टवर ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका. बॅटरी जोडण्याआधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सुरू आणि थ्रॉटल खाली. टेबलावर चाचणी करताना प्रॉपेलर काढलेलाच असावा. बोटांना टाके पडलेले लोक मी पाहिलेत, आणि त्या प्रत्येकाचं म्हणणं ‘एकच मिनिट जोडली होती’.

कव्हरिंगला घरची इस्त्री चालते?

चालते, घरच्यांना आधी सांगा. खालचा भाग गुळगुळीत हवा आणि त्यावर जुना सुती मोजा चढवा. फिल्म कमी उष्णतेला चिकटते आणि जास्त उष्णतेला आकसते, हे एवढं गुपित. आधी फक्त कडा चिकटवा, सगळीकडून बसली की मग इस्त्री तापवून मधला भाग ताणून घ्या. आधी खालची बाजू, मग वरची. फिल्म लावण्याआधी काचकागदाची धूळ ब्रशनं झाडा, नाहीतर फुगे येतात. फिल्म काही लपवत नाही. खड्डा असेल तर खड्डा चकाकतो.

पावसाळ्यात बांधावं का?

उडवता येत नाही म्हणून बहुतेक जण तेव्हाच बांधतात. कोकणात आणि मुंबईत मात्र लाकूड हवेतलं पाणी ओढतं. शीट भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की महिन्याभरात तिची कमान होते. आडवी, सपाट, वर वजन ठेवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. सांगाडा तयार झाला की फार दिवस उघडा ठेवू नका. सीए दमट हवेत लवकर धरतो आणि बाटलीतही लवकर गोठतो, म्हणून बाटली हवाबंद डब्यात.

सीजी म्हणजे काय, आणि सगळे त्याच्याबद्दल इतके गंभीर का?

गुरुत्वमध्य. लीडिंग एजपासून पंखाच्या रुंदीच्या 28 ते 30 टक्क्यांवर, आपल्या पंखात 56 ते 60 मिमीवर हवा. दोन्ही बाजूंना तिथे खूण करा, बॅटरी आत घाला, पंखाखाली बोटं धरून उचला. विमान सपाट किंवा नाक जरासं खाली राहिलं पाहिजे. शेपटीवर बसत असेल तर आधी बॅटरी पुढे सरकवा, नाहीच जमलं तर शिसं. शेपूट जड ठेवून ‘बघू तर उडवून’ म्हणू नका. असं विमान नाक वर करतं, थांबतं आणि पडतं, स्टिक कितीही हलवली तरी.

परवाना लागतो का? कुठे उडवू शकतो?

बाल्साचं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते मानवरहित विमानच. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत छंदासाठी, शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची (विमानाच्या नमुन्याला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेची) सक्ती नाही. 2 किलोपर्यंतचं विमान व्यवसायासाठी नसेल तर पायलट प्रमाणपत्रही लागत नाही. जागा मात्र डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बघायचीच: लाल, पिवळा, हिरवा असे भाग आहेत. हिरव्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक असते. नोंदणीचे नियम उडवण्याआधी तिथेच ताजे वाचून घ्या.

पुण्याच्या पूर्वेला लोहगावचा हवाई दलाचा तळ, पश्चिमेला खडकवासल्याची एनडीए, तेव्हा शहरात ‘मोकळं मैदान दिसलं’ हे कारण पुरत नाही. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, त्यात रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. मूल कॉलेजात असेल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा, तिथे एरोमॉडेलिंग प्रशिक्षणातच आहे. गावाकडे असाल तर पीक निघालेलं शेत, मालकाला विचारून. उसाच्या फडाशेजारी नको. उसात पडलेलं विमान शोधायला मी दोन संध्याकाळी घालवल्यात.

पहिल्या उड्डाणाला काय काय बघायचं?

सकाळी जा, वारा उठायच्या आत. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे. स्टिक ओढली, एलिव्हेटर वर. उलटं फिरत असेल तर घरी परत जा असं नाही, ट्रान्समीटरमध्ये दिशा बदलता येते, पण न बघता उडवलं तर परत न्यायला काही उरत नाही. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद व्हावी असं फेलसेफ लावलंय ना, तेही ट्रान्समीटर बंद करून पाहा, विमान कुणाला तरी घट्ट धरायला लावून.

वाऱ्याकडे तोंड करून उडवा आणि 40-50 मीटर वर जाईपर्यंत वळू नका. विमान तुमच्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि इथेच बहुतेक जण गडबडतात. तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्याच्याच बाजूला स्टिक ढकला, तो उचलला जातो. जमलं तर पहिले दोन दिवस कुणा जाणत्याच्या हाती ट्रान्समीटर द्या आणि महिनाभर आधी सिम्युलेटरवर हात बसवा.

घारी अंगावर येतात का?

येतात, पण बहुतेक वेळा नुसत्या बाजूनं घिरट्या घालतात. खाली उतरा, चहा प्या, मग पुन्हा. त्यांच्याशी शर्यत लावू नका. खरी भीती संक्रांतीच्या आसपासच्या मांजाची. तो दिसत नाही, प्रॉपेलरला गुंडाळला की मोटर जाम होते. त्या आठवड्यात गावाजवळ विमान नेऊच नये.

पडलं तर?

पडणारच. थ्रॉटल लगेच खाली घ्या आणि जाऊन आधी बॅटरी काढा. चेपलेली, फुगलेली लिपो गाडीत ठेवू नका, उघड्यावर वाळूत ठेवून लक्ष द्या. मग पिशवी काढून सगळे तुकडे गोळा करा, अगदी नखाएवढेसुद्धा. फुटलेल्या बाल्साच्या कडा करवती असतात, त्या एकमेकींत नेमक्या बसतात आणि सीएचा थेंब पुरतो. कापून नवीन तुकडा घालायचा मोह आवरा, जुना जोड बहुधा जास्त सरळ येतो. स्पार मोडला असेल तर मात्र तिरका, लांब छेद घेऊन नवीन पट्टी जोडा, छेदाची लांबी जाडीच्या निदान आठपट, आणि दोन्ही अंगांना पातळ प्लाय.

फिल्म सोलून आत बघितल्याशिवाय पंख ठीक आहे असं ठरवू नका. बाहेरून ओरखडाही नसतो आणि आत दोन वेब सुटलेले असतात. नाकाची प्लाय भिंत दोन्ही हातांनी हलवून बघा. कर्र असा आवाज आला तर इपॉक्सी भरा आणि रात्रभर उभं करून ठेवा. पंख रबर बँडनं बांधलेला असेल तर पडताना तो सुटून बाजूला जातो आणि पुष्कळ काही वाचतं. ते रबर बँड दर दोन-तीन रविवारी बदला, उन्हानं चिरा पडतात.